पुठ्ठेबाईंचा सुट्टीचा वर्ग

बाईंचं खरं नाव हजेरीपटाच्या वरच्या कोपऱ्यात तेवढं होतं. रस्त्यावर, शाळेत आणि घरी त्या पुठ्ठेबाई होत्या. किराणा दुकानासमोरून गेल्या की दुकानदार आतून विचारायचा, "बाई, आज दोन खोकी रिकामी झालीत, नेताय का?" आणि बाई न्यायच्या. काखेत छत्री, खांद्याला पिशवी आणि डोक्यावर पुठ्ठ्याचं खोकं अशी ही बाई येताना दिसली की समोरून येणारी माणसं आधी वाट द्यायची आणि मग हसायची.

शाळेत त्यांना एकवीस वर्षं झाली होती, सगळी हंगामी. दर वर्षी शाळा उघडताना नेमणुकीचं पत्र मिळायचं आणि सुट्टी लागताना त्याची मुदत संपायची. पुढच्या वर्षी पत्र येईल की नाही या विचारात बाईंची प्रत्येक सुट्टी जायची. त्यांच्या हाताखाली शिकवायला शिकलेली एक मुलगी पुढे परीक्षा देत देत त्याच शाळेची मुख्याध्यापिका झाली. सगळे तिला मोठ्या बाई म्हणायचे, पुठ्ठेबाईसुद्धा. वयाने पुठ्ठेबाई पंधरा वर्षांनी मोठ्या होत्या, पण तिच्यासमोर उभं राहून बोलायच्या.

घर भावाचं. मागची खोली बाईंची आणि त्या खोलीत पलंगापेक्षा पुठ्ठा जास्त. वहिनी तोंडाने फारशी बोलायची नाही, हाताने करायची. एकदा बाईंनी महिनाभर खपून बनवलेला पुठ्ठ्याचा बाजार, दुकानं, तराजू, पाट्या, सगळं तिने रद्दीवाल्याला देऊन टाकलं. बाई घरी आल्यावर म्हणाली, "कचरा होता ना?" भाऊ जेवत होता. त्याने मान वर केली नाही.

त्या वर्षी संस्थेने ठरवलं की सुट्टीत पाच आठवड्यांचा भाषेचा वर्ग घ्यायचा. गावाच्या कडेला नवे कारखाने झाले होते. कामासाठी लांबून कुटुंबं आली होती. त्यांच्या मुलांना इथली भाषा येत नव्हती, आणि ती आल्याशिवाय शाळेत घेऊन उपयोग नव्हता. सुट्टीत यायला दुसरं कोणी तयार नव्हतं. मोठ्या बाईंनी पुठ्ठेबाईंना बोलावलं आणि खुर्चीवर बसायला सांगितलं. बसायला सांगितलं तेव्हाच बाईंनी ओळखलं की काहीतरी मागायचं आहे.

मोठ्या बाई गोड बोलायच्या. वर्गासाठी पैसे नाहीत, पुस्तकं नाहीत, पण तुम्हाला त्याची गरज कुठे लागते, असं म्हणाल्या. वर्ग चांगला झाला, शेवटच्या दिवशी पाहुण्यांना दाखवण्यासारखं काही झालं, तर संस्था यंदा एका जागेवर कायम नेमणूक करणार आहे, हेही म्हणाल्या. "मी तुमचं नाव लावून धरलंय," एवढं बोलून त्यांनी बाईंच्या हातात खडूंची अर्धी पेटी आणि जुन्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ठेवला. मागची बाजू कोरी होती.

पहिल्या दिवशी एकोणीस मुलं आली. पाच ते आठ वर्षांची, चार वेगवेगळ्या भाषांची, आणि सगळी रडवेली. बाईंनी एकालाही नाव विचारलं नाही. पिशवीतून एक फाटका मोजा काढला, हातात घातला, त्याला बटणांचे डोळे होते, आणि म्हणाल्या की हे बहिरे काका. बहिरे काकांना काहीच धड येत नसे. ते टोपीला चप्पल म्हणायचे, भिंतीला म्हैस म्हणायचे. पोरांना दोन दिवसांत कळलं की या खोलीत आपल्यापेक्षा मठ्ठ कोणीतरी आहे. तिसऱ्या दिवशी ती बेंबीच्या देठापासून ओरडून काकांना सुधारत होती.

मग दुकान लागलं. साबणाची रिकामी वेष्टनं, बिस्किटांचे पुडे, चहाचे डबे. पैसे म्हणजे बाटल्यांची झाकणं. पण नुसतं बोट दाखवून काही मिळायचं नाही, पुरतं वाक्य बोलायचं, 'मला एक साबण द्या.' अंगणात खडूने मोठं घर आखलं. स्वयंपाकघर, न्हाणीघर, जिना. बाई ओरडायच्या, "सगळे जिन्यावर," आणि एकोणीस पोरं एका रेघेवर चढायला बघायची. दोन कागदी पेले आणि दोरा घेऊन टेलिफोन झाला. बाई रोज संध्याकाळी मुलांकडून त्यांच्या भाषेतले दोन दोन शब्दही लिहून घ्यायच्या. पाणी, आई, दुखतं, शाळा. चार भाषांत चार रकाने. कोणाला लागलं, कोणाला भूक लागली, तर कळावं म्हणून.

सगळ्यात रंगायचा तो लपण्याचा खेळ. एकाने लपायचं आणि बाकीच्यांनी शोधायचं. पण नुसतं सापडून चालायचं नाही. शोधणाऱ्याने 'ती टेबलाखाली आहे', 'तो कपाटामागे आहे' असं बिनचूक म्हणेपर्यंत लपणाऱ्याने जागेवरून हलायचं नाही. बाई या बाबतीत कडक होत्या. कोणी वाक्याच्या आधी बाहेर आलं तर परत आत पाठवायच्या.

वर्गात सहा वर्षांची एक मुलगी होती. तिची आई दोन गल्ल्या पलीकडच्या लाँड्रीत इस्त्री करायची. बाप कुठे होता ते कोणाला माहीत नव्हतं आणि विचारायला भाषा नव्हती. मुलगी एक अक्षर बोलायची नाही. इथल्या भाषेत नाही आणि स्वतःच्याही नाही. सदा गप्प, म्हणून पोरांनी तिला गप्पी म्हणायला सुरुवात केली आणि बाईंनाही तेच तोंडात बसलं. खडूच्या घरात मात्र ती कधी चुकली नाही. "न्हाणीघरात जा" म्हटलं की बाकीची पोरं एकमेकांकडे बघायची आणि गप्पी न्हाणीघरात उभी असायची. लपायची वेळ आली की ती नेहमी एकाच जागी लपायची. वर्गाला लागून सामानाची खोली होती, तिथे शीतकपाटाचं उभं खोकं ठेवलेलं होतं, त्यात. आणि वाक्य बरोबर येईपर्यंत ती श्वाससुद्धा मोठ्याने घ्यायची नाही.

तिची आई चार वाजता कामावरून सुटायची. बाकीची मुलं एकला जायची. मधले तीन तास बाई गप्पीला स्वतःजवळ ठेवून घ्यायच्या, आपल्या डब्यातलं अर्धं द्यायच्या. एका दुपारी दोघीच असताना बहिरे काका म्हणाले की मी डोक्यात मोजा घालतो आणि पायात टोपी. गप्पी पुढे सरकली, काकांच्या कानापाशी तोंड नेलं आणि हळूच म्हणाली, "टोपी डोक्यात." बहिरे काकांनी मान डोलावली. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी वहिनीला हे सांगितलं. वहिनी म्हणाली की सहा वर्षांच्या पोरीला टोपी कुठे घालतात हे कळलं, याचं काय एवढं.

पाचवा आठवडा आला. शुक्रवारी अकरा वाजता पाहुणे यायचे होते. संस्थेचे अध्यक्ष, दोन कारखान्यांचे साहेब, फोटो काढणारा. गुरुवारी मोठ्या बाईंनी रंगीत तालीम पाहिली. दुकान पाहून त्या हसल्या, टेलिफोन पाहून टाळ्या वाजवल्या. मग त्यांची नजर गप्पीवर गेली. तिला साबण मागायला सांगितलं. गप्पी त्यांच्याकडे बघत उभी राहिली.

"हिला सगळं कळतं," पुठ्ठेबाई म्हणाल्या. "बोलत नाही एवढंच."

"कळतं ते पाहुण्यांना दिसणार कसं, बाई?" मोठ्या बाई म्हणाल्या. "उद्या ही समोर नको. अध्यक्षांनी नेमका हिलाच प्रश्न विचारला, तर तुमची पाच आठवड्यांची मेहनत मातीत जाईल. बघा तुम्ही काय ते."

आईला सांगून गप्पीला शुक्रवारी घरीच ठेवता आलं असतं. पण घरी कोण होतं? लाँड्रीचा मालक कार्यक्रमाला यायचीसुद्धा सुट्टी देत नव्हता. शुक्रवारी आठला आई नेहमीसारखी मुलीला दारात सोडून गेली. गप्पीच्या केसांना फीत होती.

अकराला पाच मिनिटं कमी असताना बाईंनी तिचा हात धरला आणि तिला सामानाच्या खोलीत नेलं. म्हणाल्या, "आपण लपायचा खेळ खेळू. मी येऊन सांगेपर्यंत बाहेर यायचं नाही. कळलं?" गप्पीने मान हलवली. तिला कळलंच होतं. ती खोक्यात शिरली, गुडघे पोटाशी घेतले, आणि बाईंनी वरचा पुठ्ठा मिटला. त्या वेळी त्यांच्या मनात एवढंच होतं की तासाभराचा प्रश्न आहे.

कार्यक्रम अपेक्षेपेक्षा चांगला झाला. अध्यक्षांनी स्वतः झाकणं मोजून साबण विकत घेतला आणि फोटो काढून घेतला. बहिरे काकांनी एका साहेबांना म्हैस म्हटलं तेव्हा ते साहेब पोट धरून हसले. चहा झाला. आईबाप आपापली मुलं घेऊन गेले. अध्यक्ष म्हणाले की या बाईंचं काम आजच करून टाकू, चला कार्यालयात. मोठ्या बाईंनी पुठ्ठेबाईंच्या पाठीवर हात ठेवला. बाई जन्मात पहिल्यांदा अशा गाडीत बसल्या जिचं दार दुसऱ्याने उघडून धरलं. कार्यालयात अर्ज लिहून घेतला, टंकलेखन झालं, अध्यक्षांची सही झाली. मंडळाच्या बैठकीत पंधरा दिवसांनी शिक्का बसेल, पण तो उपचार, असं सांगितलं. एकवीस वर्षं. बाईंचे डोळे भरून आले. त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं, आणि आठवलंही नाही.

दीड वाजता शिपाईमामांनी वर्ग झाडला, सामानाच्या खोलीचं दार ओढून कुलूप लावलं आणि फाटकाजवळच्या आपल्या खोलीत जाऊन पडले. चारला गप्पीची आई आली. फाटक बंद. तिने मामांना उठवलं आणि आपल्या भाषेत काहीतरी विचारलं. मामांना वाटलं काम मागायला आली आहे. मग ओळख पटली, तेव्हा म्हणाले, "मुलगी गेली ना घरी?" त्या बाईला इथल्या भाषेतले पाच-सहा शब्द यायचे. त्यातला सगळ्यात सवयीचा, लाँड्रीत दिवसभर मालकाला म्हणायचा शब्द होता 'हो'. ती म्हणाली, "हो." मामा म्हणाले, मग इथे कशाला उभी आहेस? ती म्हणाली, "हो." मामांनी फाटक लावलं. ती बाहेर उभी राहिली.

साडेसहाच्या सुमाराला पुठ्ठेबाई स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या होत्या. वहिनीने त्यांना स्वतः होऊन चहा दिला होता. भावाने पत्र दोनदा वाचलं होतं. वहिनी म्हणाली, "आणि ती तुमची मुकी पोरगी? तिने काय करून दाखवलं?"

बाईंच्या हातातला कप बशीत पडला. त्या तशाच उठल्या. पायात चप्पल घातली की नाही हे त्यांना पुढे कधी आठवलं नाही.

फाटकाशी आई उभी होती. बाईंनी मामांना हाका मारून उठवलं, किल्ली घेतली, धावल्या. मागोमाग आई. सामानाच्या खोलीत भट्टीसारखं गरम झालं होतं. उंचावर एक जाळी होती तेवढीच हवा. बाईंनी खोक्याचा पुठ्ठा उघडला. गप्पी जशी बसवली होती तशीच बसलेली होती. गुडघे पोटाशी. फ्रॉक ओला होऊन पुन्हा सुकला होता आणि खोक्याचा तळ भिजून फुगला होता. ओठ पांढरे पडले होते. डोळे उघडे होते.

"ये बाळा, ये बाहेर," बाई म्हणाल्या.

गप्पीने मान हलवली. नाही. बाईंनी हात पुढे केला. ती मागे सरकली. तिचे डोळे बाईंच्या तोंडावर होते आणि ती वाट बघत होती. बाईंना कळायला थोडा वेळ लागला. मग कळलं. मुलीच्या आईसमोर, खोलीच्या मधोमध उभ्या राहून, त्यांना ते म्हणावंच लागलं.

"गप्पी खोक्यात आहे."

तेव्हा ती बाहेर आली. उभी राहताना तिच्या पायांत गोळे आले होते, ती पडली. आईने तिला उचललं, मामांनी तांब्या आणला, ती घटाघटा प्यायली आणि तिने ते सगळं ओकून टाकलं. मग आईने मुलीला कडेवर घेतलं, बाईंचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि तो कपाळाला लावला. तिला वाटलं होतं की मुलगी कुठेतरी लपून बसली होती आणि बाईंनी ती शोधून दिली. बाईंच्या वहीत तिच्या भाषेचा एक रकाना होता. सांगायला पुरेल एवढे शब्द त्या रकान्यात होते. बाई मूग गिळून उभ्या राहिल्या.

शनिवारी मोठ्या बाईंनी बोलावलं. मामांनी सांगितलं होतं.

"तुम्हीच म्हणालात, समोर नको," पुठ्ठेबाई म्हणाल्या.

"समोर नको म्हणाले. खोक्यात घाला म्हणाले का?" मोठ्या बाईंचा आवाज मऊच होता. "मी कोणाला सांगणार नाही हो. पण मंडळाच्या बैठकीत कोणी विचारलं तर हातात काहीतरी हवं."

त्यांनी एक कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं की मुलगी सूचना न पाळता खेळता खेळता स्वतः लपली, यात शाळेचा किंवा शिक्षिकेचा दोष नाही, आणि पालकाची कोणतीही तक्रार नाही. खाली आईच्या सहीसाठी रेघ होती. आईला वाचता येत नाही हे दोघींना माहीत होतं. समजावून सांगायचं काम पुठ्ठेबाईंचं.

बाई लाँड्रीत गेल्या. वाफेने भरलेली खोली, सहा टेबलं, शेवटच्या टेबलाशी गप्पीची आई. कोपऱ्यात न धुतलेल्या चादरींच्या ढिगावर गप्पी झोपली होती. बाईंनी कागद टेबलावर ठेवला. वाटेत त्यांनी चार-पाच वाक्यं जुळवली होती, पण 'तक्रार' याला रकान्यात शब्द नव्हता, 'दोष' यालाही नव्हता. एक शब्द होता. त्यांनी झोपलेल्या मुलीकडे बोट केलं, कागदाकडे बोट केलं आणि आईच्या भाषेत म्हणाल्या, "शाळा."

आईने इस्त्री उभी करून ठेवली. हात पदराला पुसले. तिचा चेहरा असा खुलला की बाईंनी दुसरीकडे बघितलं. तिने एकेक अक्षर कोरत, जीभ दातांत धरून, आपलं नाव काढलं. बाई परतताना मनाला समजावत होत्या की यात तितकंसं खोटं नाही. मुलीला शाळेत घ्यायचंच आहे. सगळं कळतं तिला.

पंधरा दिवसांनी पत्रावर शिक्का बसला. त्याच दिवशी पहिलीच्या प्रवेशाची यादी लागली. सुट्टीच्या वर्गातली अठरा मुलं यादीत होती, गप्पी नव्हती. बाई मोठ्या बाईंकडे गेल्या, उभ्याच राहिल्या.

"बोलायला लागली ती, तर पहिलं काय सांगेल?" मोठ्या बाईंनी विचारलं.

कायम नेमणुकीचं पत्र पुठ्ठेबाईंच्या पिशवीत होतं. त्या पिशवी खांद्याला लावून निघून आल्या.

शाळा उघडली त्या दिवशी फाटकाशी गर्दी होती. गप्पीची आई मुलीला घेऊन आली होती. गणवेश कुठून तरी जुना मिळवलेला होता, मापाला मोठा, पण त्याच्या इस्त्रीची घडी सुरीसारखी होती. मामांनी यादी पाहिली आणि मान हलवली. आईने तळहातावर बोटाने सही करून दाखवली. मामांनी पुन्हा मान हलवली. मागचे लोक ओरडायला लागले. आईला लांबून पुठ्ठेबाई दिसल्या. तिने हात उंचावला, मुलीचाही हात धरून उंचावला, आणि हसली.

व्हरांड्यात मोठ्या बाई उभ्या होत्या. त्या इकडेच बघत होत्या. पुठ्ठेबाई फाटकापर्यंत गेल्या.

"नाव नाही," त्या म्हणाल्या. "जा. घरी जा."

"हो," आई म्हणाली आणि हसतच राहिली.

तेव्हा गप्पी बोलली. आईचा पदर ओढून, वर बघून, तिच्या भाषेत. एक वाक्य नाही, पाच-दहा वाक्यं, स्वच्छ, न अडखळता, एखाद्या मोठ्या माणसाने सांगावं तशी. आधी तिने मामांच्या हातातल्या यादीकडे बोट केलं. मग शाळेच्या मागच्या बाजूला. मग बाईंकडे. बाईंना त्यातले तीन शब्द ओळखता आले. पाणी, अंधार, आणि बाई.

आईचं हसू एकदम गेलं नाही. हळूहळू गेलं. ती बाईंकडे बघत राहिली. शिवी देईल, थुंकेल, गळा धरेल, बाई त्या तयारीने उभ्या होत्या. तिने मुलीच्या गणवेशाची चुरगळलेली बाही हाताने सरळ केली आणि तिला घेऊन गेली.

त्या वर्षी बाईंच्या वर्गात छत्तीस मुलं होती. घरी वहिनी त्यांना ताई म्हणू लागली आणि मागच्या खोलीत पंखा बसला. महिनाभराने, पहिल्या कायम पगारानंतर, बाई लाँड्रीत गेल्या. काय बोलायचं ते ठरवून गेल्या होत्या, वहीतून शब्द काढून, घोकून. आई शेवटच्या टेबलाशीच होती. तिने बाईंना पाहिलं आणि पुढची चादर ओढली. मालकाने विचारलं, काय काम आहे. बाईंनी मालकाकडे वळून पाहिलं. मग त्या म्हणाल्या की कपड्यांना इस्त्री करून हवी आहे.

म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांना दोन साड्या घेऊन जावं लागलं. त्या आठवड्याने परत मिळाल्या. बाईंनी घरी येऊन उजेडात उलगडून पाहिल्या. कुठे डाग, कुठे जळलेला ठिपका, एखादी मुद्दाम केलेली चूक. काहीही नव्हतं. इतकी चांगली इस्त्री त्यांच्या कपड्यांना आयुष्यात झाली नव्हती. पुढे चार महिने त्या साड्या नेत राहिल्या, आणि आई दर वेळी त्यांच्याकडे न बघता गठ्ठा पुढे सरकवत राहिली. गप्पी तिथे पुन्हा दिसली नाही. पाचव्या महिन्यात शेवटच्या टेबलाशी दुसरीच बाई होती. मालक म्हणाला की ती मुलीला घेऊन कुठे गेली ते सांगून गेली नाही, आणि ही नवी बाई कपडे जाळते, तेव्हा रेशमी काही असेल तर देऊ नका.

बाईंनी साड्या परत पिशवीत घातल्या. किराणा दुकानदाराने वाटेत हाक मारली, खोकी ठेवली आहेत म्हणाला. दुसऱ्या दिवशी वर्गात बाजार लावायचा होता. बाईंनी तीन खोकी घेतली, एकात एक बसवली आणि डोक्यावर ठेवून घरी गेल्या.